दोघांकडचंही काही घ्यायचं नाही

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात नोकरी करता करता मी पोस्टाने एक पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होते. पाणी, जंगल, जमीन यांवरून भांडणाऱ्यांना एकत्र बसवून तोडगा कसा काढायचा, हे त्यात शिकवत. घरात माझ्या आणि जाऊबाईंच्या मध्ये विस्तव जात नव्हता, त्यामुळे सासूबाईंनी यावर मनसोक्त हसून घेतलं. पण मी हट्टी.

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक खरं भांडण मिटवून दाखवायचं होतं. मला ते कामठीकडे सापडलं. सूत रंगवणाऱ्या एका कारखान्याचं लाल पाणी नाल्यात सुटायचं आणि नाल्याकाठी एका बाईची पालक-मेथीची वाडी होती. तिची विहीर लालसर झाली होती, पालक जळायला लागला होता. घर त्या वाडीवरच चालत होतं. मालकाने त्या लाल पाण्यासाठी पक्का हौद बांधला असता तर विहीर वाचली असती.

धड्यात एक नियम ठळक छापलेला होता: दोघांकडचंही काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही.

आधी मालकाकडे गेले. त्याने चहा मागवला. मी हात जोडले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. तरी त्याचं तोंड उतरलं, म्हणून त्याने पुढे केलेली सुपारी तेवढी उचलली.

"हे बरं केलं मॅडम," तो म्हणाला. "नाही तर वाईट वाटलं असतं आपल्याले."

तिथून वाडीवर गेले. बाईने राखेने घासलेला लखलखीत पेला भरून आणला.

"नको," मी म्हणाले.

"विहिरीचं नाही, बाई. सरकारी नळावरून आणलं."

"नको. तसा नियम आहे."

तिने पाणी मेथीच्या वाफ्यात ओतलं. पुढचं सगळं ती उभ्यानेच बोलली.

रविवारी गावच्या शाळेत दोघांची बैठक ठेवली. मालक आला, हौदाचं बोलायलाही तयार होता. बाईचा पत्ता नव्हता. मी लगबगीने वाडी गाठली.

"चला ना, तो तयार आहे."

"माझ्या हातचं पाणी चालत नाही तुमाले, तर माझं बोलणं काय चालन?" ती खुरपत राहिली. "त्याची सुपारी चालली म्हणतेत."

मी पुन्हा नियमच सांगणार होते; पण तो मी सुपारीला लावला नव्हता. दारात दिलेलं पाणी नाकारलं की आमच्या भागात ती जातीचीच गोष्ट होते, हे मला काय ठाऊक नव्हतं? माहेरी भाजीवालीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं मी रोज पाहिलं होतं. मालकाचं उतरलेलं तोंड मला लगेच दिसलं होतं. हिच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "आता द्या पाणी."

"आता बैठक पाह्यजे, म्हणून पिता काय?"

 मी शाळेत परतले तेव्हा मालक चपला घालत होता.

"तिची तक्रारच नाही," तो म्हणाला, "तर मी काहून हौद बांधू?"

पुढच्या वर्षी बसमधून वाडी उजाड दिसली. बाई कारखान्याच्या आवारात होती, लाल सूत वाळत घालत होती. मी खिडकीतून मान आत घेतली.