खिडकीपाशी काय ठेवायचं

भाऊजींनी खेळाचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि त्यांच्याच घरी जेवत होतो. जेवणाची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवसांत मला जी भीती वाटली ती सगळी तिथून सुरू झाली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावापासून कॉलेज लांब, म्हणून ताईनं मला शहरात, सक्करदऱ्याला आपल्या घरी बोलावून घेतलं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी एकच खिडकी, आणि त्या खिडकीखाली ताईची पायानं चालवायची शिवणमशीन. आतल्या खोलीला खिडकीच नव्हती. तिथं भर दुपारी बल्ब लावावा लागे, आणि संध्याकाळी व्होल्टेज कमी झालं की तोही लालसर होऊन नुसता लटकून राही. मी तिथंच अभ्यास करायचो. माझी फी त्या मशीनवरच्या शिलाईतून जात होती. हे घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण मशीनचा आवाज बंद झाला की माझं पुस्तकातलं लक्ष उडायचं.

भाऊजी लकडगंजला लाकडं कापायच्या एका आरा-मशीनवर कामाला होते. तिथं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकानं काही पैसे देऊन त्यांना मोकळं केलं. बरेच महिने ते बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. घरात 'आरा' हा शब्द कोणी काढत नव्हतं. मग एक दिवस ते सीताबर्डीहून आले ते वेगळेच दिसले. तिथं एका दुकानात पोट्टे खेळाच्या मशीनसमोर रांग लावून उभे असलेले त्यांनी पाहिले होते.

"आपल्या इकडं एकही नाही," ते ताईला म्हणाले. "घरबसल्या धंदा होईन. अन् माह्या सायाले कॉम्प्युटर येते. निवडाले तो आहेच."

साया म्हणजे साळा, म्हणजे मी. मी जागच्या जागी गार झालो. आमच्या कॉलेजात तेव्हा नुकताच एक कॉम्प्युटर आला होता. काचेच्या खोलीत. चपला बाहेर काढून आम्ही एकेक जण आत गेलो, सरांनी प्रत्येकाला एक बटण दाबू दिलं, पडद्यावर एक अक्षर उमटलं, आणि पुढच्याचा नंबर आला. कॉम्प्युटरशी माझी ओळख एवढीच. मी भाऊजींना तसं सांगितलंही.

"मले खरंच येत नाही, भाऊजी. मी एक बटण दाबलं फक्त."

"आमच्यापेक्षा एक जास्तच दाबलं ना गा," ते म्हणाले, आणि गल्लीत जाऊन सांगून आले की रविवारी माल घरी येणार आहे, साया पाहून घेणार आहे.

सीताबर्डीचा एक माणूस व्हीसीआर भाड्यानं द्यायचा आणि मुंबईहून जुन्या मशिनी आणून विकायचा. त्याच्याकडे त्या वेळी दोन कॉम्प्युटर होते. एक टेबलावर ठेवायचा आणि एक झाकणवाला, बॅगेसारखा हातात धरून नेता येणारा. रविवारी दुपारी तो दोन्ही ऑटोत घालून आमच्या दारात आला. गल्लीतली पोरं त्याच्या आधीच दारात जमली होती. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

त्यानं आधी बॅगवाला उघडला. झाकणातच पडदा होता, खाली बटणं. एवढ्याशा वस्तूत सगळं सामावलेलं पाहून माझा जीव थोडा भांड्यात पडला. हे खेळून झालं की मिटवून कपाटात ठेवता येईल, खिडकीपाशी काही हलवावं लागणार नाही, असं मला वाटलं. ताई आतल्या दारात उभी होती. गळ्यात मोजायची टेप तशीच. तिच्याही चेहऱ्यावर तेच आलेलं मला दिसलं.

मग खेळ सुरू झाला. चेंडू विटांवर आदळायचा खेळ होता. पडदा राखाडी, आणि चेंडू जाई तिथं आपल्यामागे एक सावली ओढत नेई. नक्की कुठं आहे ते कळेपर्यंत तो खाली पडलेला असे. जरा बाजूला सरकलं की काहीच दिसेना. दारातली पोरं माना वाकड्या करून कंटाळली.

"हे साहब लोकांचं आहे," तो माणूस म्हणाला. "हिसाब-किताबवाले नेतात. गेम खेलना है तो ये देखो."

दुसरा त्यानं जमिनीवरच मांडला. जाडजूड पेटी, तिच्यावर मोठा पडदा, पुढे बटणांची फळी. चेंडू लख्ख दिसला. दारातली पोरं एकदम आत सरकली. मागच्या पोरालाही दिसत होतं, आणि ज्याला दिसत होतं त्याला लगेच खेळायचं होतं. धंदा कशावर चालेल हे कळायला कॉलेजात जायची गरज नव्हती.

"बोल," भाऊजी म्हणाले. "कोणता घेऊ?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बॅगवाला म्हणालो असतो तर मशीन खिडकीपाशी राहिली असती. पण मग पोरं आली नसती, आणि बोटांच्या बदल्यात मिळालेले भाऊजींचे पैसे माझ्या एका शब्दावर बुडाले असते. टेबलवाला म्हणालो तर तो ठेवायला घरात जागा एकच होती, खिडकीखालची. मी पँटला हात पुसले.

"खेळासाठी टेबलवाला चांगला आहे," मी म्हणालो. "पण..."

'पण' कोणी ऐकलाच नाही. भाऊजी उठले होते. त्यांनी डावा हात शिवणमशीनवर ठेवला.

"चाल, धर तिकून. मशीन आत जाईन."

मी मशीनचा लोखंडी पाय धरला. तो थंड होता, एवढं आठवतं. वाकलो, पण उचलवेना. मशीन जड होती म्हणून नव्हे, ती मी याआधी झाडताना कितीदा सरकवली होती.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"मशीन नाही हलवायची."

आमच्या घरात जावयाला कोणी नाही म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. भाऊजी गावाला आले की माझे बाबा खाटेवरून उठून उभे राहायचे. आणि मी त्या जावयाच्या घरात, त्याची भाकर खाऊन, गल्लीसमोर बोललो होतो. माझे कान तापले. माझी पेटी, सतरंजी आणि पुस्तकं दाराबाहेर ठेवलेली मला आत्ताच दिसू लागली.

"कोणाच्या घरात बोलून राहिला तू?" भाऊजींचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"तुमच्या."

"मग?"

"आत उजेड नाही, भाऊजी. काया कपड्यावर काया धाग्यानं ताई आत कशी शिवन?"

"अन् हे कुठं ठेवू? तुह्या डोक्यावर?"

"डोकं मजबूत दिसते पोट्ट्याचं, ठेवून पाहा," विकणारा म्हणाला. दारात हशा झाला. भाऊजी हसले नाहीत. मी खाली मान घालून मशीनच्या पायाकडे पाहत राहिलो.

मग ताई पुढे आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मशीनवरचा अर्धा शिवलेला काळा ब्लाउज बाजूला ठेवला. चाकावरचा चामडी पट्टा काढला. मशीनचं डोकं आत पाडलं आणि वरून फळी लावली. आईनं लग्नात दिलेली मशीन तशी मिटवता येते हे मला माहीत होतं, पण ती मिटवलेली मी कधी पाहिली नव्हती. ती कधी थांबतच नसे. आता तिथं एक सपाट टेबल होतं.

"इथं ठेवा जी," ती म्हणाली. "दिवसा मशीन, सांजेले गेम. रोज पेटी खाली उतरवाचं काम याचं." तिनं हनुवटीनं मला दाखवलं.

भाऊजींनी फळी दाबून पाहिली. "थरथरते."

"तुमच्या आऱ्यापेक्षा कमीच थरथरते."

तो शब्द त्या घरात कितीतरी महिन्यांनी कोणीतरी उच्चारला होता. ताईचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं, जणू तो शब्द दुसरंच कोणी बोललं. भाऊजींनी आपला उजवा हात फळीवर ठेवला, होता तसा, सगळ्यांसमोर.

"टेबलवाला राहू द्या," ते विकणाऱ्याला म्हणाले. "बॅग घेऊन जा तुमची."

त्या संध्याकाळी मला घरातून जायला सांगतील याची मी वाट पाहिली. जेवायला बसलो आणि अर्ध्या भाकरीवर उठू लागलो, तर भाऊजी म्हणाले, "पेटी उचलाची आहे रोज. बराबर जेव."

धंदा सुरू झाला. शाळा सुटली की पोट्टे यायचे. आळीपाळीनं स्टुलावर बसायचे आणि खेळाच्या भरात त्यांचे पाय मशीनच्या पायट्यावर जोरजोरात चालायचे. चेंडू सुटला की पाय, विटा फुटल्या की पाय. खालचं चाक गरगर फिरे. पट्टा लावलेला राहिला असता तर फळीखालचं डोकंही चाललं असतं, सुई तुटली असती. म्हणून ताई रोज पट्टा काढून माझ्याजवळ द्यायची. मी पुस्तक घेऊन पोरांच्या मागे बसायचो, एक हात वायरच्या बटणाजवळ, आणि पट्टा शर्टाच्या खिशात. दर थोड्या वेळानं खिसा चाचपून पाहायचो. कॉम्प्युटर जळेल, पट्टा हरवेल, पोरं एक दिवस यायची थांबतील. मला झोपेतही हेच दिसायचं.

एकदा कॉलेजात रसायनाच्या प्रॅक्टिकलला वाकलो आणि खिशातून काहीतरी बाकावर पडलं. पट्टा. रात्री पोरं उशिरा गेली होती, तो माझ्याकडेच राहिला होता, आणि सकाळी मी तोच शर्ट घालून निघालो होतो. त्याच दिवशी संध्याकाळी एका लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते. ताई सकाळपासून बंद मशीनसमोर बसली असेल. मीच भाऊजींना म्हणालो होतो, मशीन हलवायची नाही. आणि मीच ती थांबवली होती.

सरांना विचारायचंही सुचलं नाही. सायकल काढली आणि निघालो. भर उन्हात सक्करदऱ्यापर्यंत मनात एकच चाललं होतं, की आज भाऊजी ते बोलतील जे त्या रविवारी बोलले नव्हते.

गल्लीत शिरलो तर मशीनचा आवाज येत होता. नेहमीसारखा भरधाव नाही. एक टाका, थांबा, एक टाका. मी सायकलवरून उतरून खिडकीशी गेलो. ताई दोन्ही हातांनी काळं कापड धरून, डोळे बारीक करून सुईकडे पाहत होती. बाजूला स्टुलावर, पोरं बसायची त्याच स्टुलावर भाऊजी बसले होते आणि मशीनचं वरचं चाक हातानं फिरवत होते. उजव्या हातानं. उरलेल्या बोटांत चाकाची कड धरून, सावकाश.

"काहून आला गा?" ताई म्हणाली. "कॉलेज सुटलं?"

मी गजांतून पट्टा आत धरला.

"मले माहीत होतं तो कुठं आहे ते," ती म्हणाली. "थांब, बाही होऊ दे."

भाऊजींनी मान वर केली नाही. मी खिडकीबाहेर उभा होतो, पट्टा हातात, आता बोलतील, आता बोलतील म्हणून.

"बॅगवाला घेतला असता तर हा पट्टा काढाच लागला नसता," ते म्हणाले. "पाह्य वं, साया काय निवडते."

"हात चालवा जी," ताई म्हणाली. चाक पुन्हा फिरू लागलं.