निर्माल्यातली पाचवी चकती

शिशाच्या डब्यात पाच चकत्या असायला हव्या होत्या. मी तिसऱ्यांदा मोजल्या. चारच.

"गुलाबराव, पाचवी कुठंय?"

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स लॅबचं सगळं माझ्याकडे, आणि माझं सगळं अमडापूरच्या गुलाबरावांकडे, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटकडे. या चकत्या प्रयोगासाठीचे किरणोत्सारी सोर्स. कोटाच्या बटणाएवढ्या, प्लास्टिकमध्ये सीलबंद. जुन्या झाल्या की कचराच, पण घंटागाडीत टाकायचा नाही. शिसं किरण अडवतं, म्हणून शिशाच्या डब्यात, कुलपात ठेवायचा आणि जिथून आणला तिथे परत करायचा. पार्सल उद्या जाणार होतं. 'पाच' लिहिलेल्या कागदावर सही माझी. किल्ली फक्त माझ्याकडे राहील, हा नियमही मीच भिंतीवर चिकटवलेला. दसऱ्याआधी ती मीच गुलाबरावांना दिली होती, कपाट पुसायला!

"खंडेनवमीले पूजेत मांडल्या होत्या, मॅडम. साऱ्या मशिनी बाहेर, अन् याईलेच डब्यात कोंडून ठेवाव का?"

"आणि निर्माल्य?"

"पोत्यात हाय, मांगच्या निंबाखाली. आज तलावात टाकाचं हाय."

गायगर काउंटर, म्हणजे किरण लागले की टिकटिकणारं यंत्र, उचललं आणि पदर खोचून पळत सुटले. मागे गुलाबराव, त्यांच्या मागे "काय झालं, काय झालं?" करत प्राचार्य.

काउंटर एरवीही अधूनमधून टिकटिकतोच. निंबापर्यंत तो आळसावून टिक... टिक... करत आला. पोत्याला लावला आणि फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. मी चक्क नाचले. चिमट्याने झेंडू बाजूला केले. खाली कुंकवाने माखलेली चकती. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांना अजून कळायचं होतं.

"आता हे फुलं बी शिशाच्या डब्यात ठेवा लागतीन का?" गुलाबराव घाबरून म्हणाले.

चकती पुसून पाहिली. सील शाबूत. फुलांवरून काउंटर फिरवला, तो पुन्हा आळशी. "नाही. फुलं साधीच आहेत."

पार्सल गेलं. पाच. प्राचार्यांना किल्लीसकट सगळं सांगितलं आणि बोलणी खाल्ली, तीही हसू आवरत. नियम मोडायला वाईट माणूस लागत नाही. सज्जन माणसाला किल्ली दिली की पुरे.

यंदाच्या खंडेनवमीला डब्यात नवे सोर्स होते. गुलाबरावांनी कुलपालाच हळदकुंकू वाहिलं, निर्माल्यावरून स्वतः काउंटर फिरवला, रजिस्टरात 'फुले तपासली' असं लिहिलं. मग घुटमळले.

"मॅडम, किल्लीची पूजा राह्यली ना."

"ती मी घरी केली, गुलाबराव."