कळपाची म्होरकी

ओल्या मुरमाचा वास आला की बहात्तरच्या दुष्काळातलं ईट गावाजवळचं तलावाचं काम आठवतं. खणताना खड्ड्यात पाणी लागलं होतं, आणि दुपारच्या सुट्टीत त्या पाण्याच्या ओढीनं वीसेक हरणं माळावरून आली. आम्ही बाया बांधाआड श्वास रोखून बसलो. "तो काळा नर म्होरक्या असंल," मी सासूबाईंच्या कानात म्हणाले. त्यांचं लहानपण मेंढरांमागं माळावरच गेलेलं. "न्हाय गं. ते काळवीट नुसतं मिरवतंय. कळप मादीच्या मनानं चालतो. ती बिनशिंगाची बघ." खरंच, एक तांबूस मादी एकटी पुढं आली आणि कान टवकारून थांबली. तेवढ्यात सुट्टी संपली म्हणून मुकादमानं शिट्टी तोंडाला लावली. नवी सून असूनही मी वाकूनच पुढं होऊन त्याला हळूच अडवलं, "थांबा दादा, पिऊ द्या त्यांस्नी." त्यानं शिट्टी खाली घेतली. मादीनं पाण्याला तोंड लावलं, मग सगळा कळप आला, काळवीट सगळ्यात शेवटी. पाणी पिऊन तिनं हवेत उंच उडी घेतली, तशी मागोमाग अख्खा कळप उसळत माळापार गेला. सासूबाई माझ्याकडं बघून लग्नानंतर पहिल्यांदाच हसल्या. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढं गेले आहे. त्या घरात मी खरी नांदायला लागले ती त्या दुपारपासून, असंच मला वाटतं.