चाचांचा बाद डबा

पवनानगरच्या बाजारात दुकानं बरीच आहेत आणि खाणारी तोंडं त्याहून जास्त. पण पाकिटावरची तारीख उलटल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस अख्ख्या मावळात एकच, आणि ते म्हणजे आमचे चाचा. सख्खे नव्हेत. माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे दोस्त. जीप थांब्याला लागून त्यांचं किराणा दुकान आहे. बाकीचं जग 'बेस्ट बिफोर'पाशी थांबतं, चाचांची तिथून सुरुवात होते. मी स्वतः तळेगावच्या बाजूला फरसाण आणि बिस्किटं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. म्हणजे ती तारीख पाकिटावर नीट उमटली की नाही हे बघण्याचाच मला पगार मिळतो. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली मी पहिली, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. चाचांना तर मुळीच नाही. नवीन गिऱ्हाईक दिसलं की माझ्याकडं बोट करून ते सांगतात, "ही आमची पोरगी. मालाला मरनाची तारीक हीच देती."

आता कुणाला वाटेल, चाचा चिक्कू असतील. तसं नाही. मूळ त्यांच्या दुकानदारीत आहे. दुपारनंतरची असरची नमाज झाली की चहाच्या आधी चाचा चष्मा नाकावर चढवून फळ्यांसमोर उभे राहतात आणि एकेक पाकीट उलटं करून तारीख वाचतात. जे आज संपलं ते आजच खाली उतरतं. एक दिवससुद्धा सवलत नाही. कंपनीचे लोक सुटं पाकीट परत घेत नाहीत आणि अन्न फेकायचं नाही ही चाचांच्या आईची शिकवण, त्यामुळं उतरलेला माल गल्ल्याखालच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जातो. त्याचं नाव 'बाद डबा'. त्या डब्यात जे असेल तो घरचा नाश्ता, तेच पाहुण्यांचं स्वागत. एका साली कस्टर्ड पावडरीचे डबे एकदम बाद झाले, तर दोन महिने त्यांच्या घरात कढीसुद्धा जराशी पिवळी आणि गोड लागायची. चाचींनी एकदा माझ्या आईला सांगितलं होतं, "लगीन झाल्यापास्नं कुरकुरीत बिस्कीट मी फकस्त मयतीच्या घरी खाल्लंय."

कॉलेजला जायला मी त्यांच्या दुकानासमोरूनच जीप पकडायची. जीप हलायच्या आत चाचा धावत यायचे आणि खिडकीतून क्रीमचं बिस्कीट माझ्या मांडीवर टाकायचे. "कालच बाद झालंय. अजून ऊब हाय त्याला, लगीच खा!" जीपमधली माणसं माझ्याकडं दयेनं बघायची. मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, म्हणजे मला त्या बिस्किटातल्या संभाव्य रहिवाशांची नावंही येत होती. तरी खायची. तीन वर्षं खाल्ली आणि पहिल्या वर्गात पास झाले.

नोकरी लागल्यावर मी एकदा त्यांना शास्त्र समजावायला बसले. बेस्ट बिफोर म्हणजे नक्की काय, त्यानंतर तेल कसं खवट होतं, चव कशी उतरते, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेस्ट म्हंजे उत्तम ना?"

"हो."

"मंजी तारकेपातूर उत्तम. त्याच्या म्होरं उत्तम न्हाई, पन बरं तर आसंल?"

"असू शकतं."

"मग झालं की! उत्तम गिऱ्हाइकाला. आपल्याला बरं चालतं. मी आयुष्यात उत्तम मागितलंय कुटं?"

माझी पदवी त्या दिवशी तशीच घडी घालून मी घरी नेली.

धरणाकाठी तंबू लागायला लागले तशी चाचांच्या बाद डब्याला परदेशी कळा आली. सोमवारी तंबूवाली पोरं मुंबई-पुण्याच्या पर्यटकांनी टाकून दिलेल्या अर्ध्या बाटल्या नि पाकिटं आणून देत. कशाची तारीख गेलेली, कशावर काय लिहिलंय तेच कळत नसे. चाचांनी त्यातलं ऑलिव्ह चाखून निकाल दिला, "लोनचं बरं हाय, पन तेल-मसाला घालायला इसरल्यात." ओट्सचं थालीपीठ झालं. मेयोनीज मात्र त्यांनी उघडलं, वास घेतला आणि थेट मागच्या खड्ड्यात पुरलं. दूध, अंडी आणि मासळी यांच्याशी ते कधी मस्करी करत नसत. एकदा भर पावसात एक पर्यटक नूडल्स मागायला आला. शेवटच्या पाकिटाची तारीख नेमकी त्याच दिवसाची. चाचा म्हणाले, "इकता येनार न्हाई." तो काकुळतीला आला. "इकता येनार न्हाई म्हनलो. बसा, करून देतो." चाचींनी स्टोव्ह पेटवला, चाचांनी त्याच्यादेखत पहिला घास स्वतः खाल्ला आणि मग बशी त्याच्यापुढं सरकवली. विकत घेणारा गिऱ्हाईक, फुकट खाणारा पाहुणा. पहिल्याला तारखेच्या आतलं, दुसऱ्याला बाहेरचं. चाचांच्या मते यात जराही विसंगती नव्हती.

हे सगळं पेललं ते त्यांच्या नाकानं. तसं नाक मी आमच्या प्रयोगशाळेतही पाहिलेलं नाही. बाया दिवाळीनंतरचं तेल, माहेरून आलेलं तूप, पावसाळ्यात दमट झालेलं मिरचीचं तिखट घेऊन यायच्या. चाचा झाकण उघडून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिखटाचं वरचं दोन बोट काडून टाक, खालचं चांगलं हाय." कारखान्यात आम्ही प्रत्येक मालाची थोडी पाकिटं मुद्दाम ठेवून देतो, तारखेनंतर काय होतं ते बघायला. एकदा साहेबांच्या परवानगीनं मी शेवेची तीन पाकिटं, तारखेवर कागद चिकटवून, चाचांकडं आणली. त्यांनी नुसत्या वासावर तिन्ही वयानुसार ओळीनं लावली. आमच्या तपासणीला त्यासाठी दोन दिवस आणि चार रसायनं लागली होती. तेव्हापासून चाचा मला विचारायचे, "तुमच्या मशिनीला माझ्यासारकं सर्दी-पडसं न्हाई होत ना? मग तिला ठेवा. आमचं आपलं कच्चं काम."

पडसंच झालं शेवटी. गेल्या हिवाळ्यात त्यांना आठवडाभर ताप आला. उतरला, खोकला गेला, दुकान उघडलं. चाचा पुन्हा तारखा वाचायला लागले, बाद डबा भरायला लागला. मला कशाचाच संशय आला नाही.

महिन्याभरानं मी पुन्हा शेव घेऊन गेले. या वेळी एकच पाकीट होतं, इतकं जुनं की कात्री लावताच वास माझ्या डोक्यात गेला. चाचांनी तळहातावर घेतली, डोळे मिटले, नेहमीसारखा लांब श्वास ओढला. दोन-चार काड्या तोंडात टाकल्या.

"ताजी हाय की. मीठ जरा ज्यास्ती."

माझ्याकडं एकदा बघून चाचांनी हातातली उरलेली शेव कागदावर ठेवली आणि तळहात धोतराला पुसला.

"लय खराब हाय का गं?"

"हो चाचा."

"तापापास्नं कशाचाच वास येईना," ते हळू म्हणाले. "वाटलं, येईल म्हागारी. चाचीला बोलू नगंस."

आणि नेमकी त्याच वेळी वरच्या आळीतली एक बाई पायरी चढली. हातात स्टीलचा डबा, डब्यात तूप. लेक बाळंतपणाला आली होती, डिंकाचे लाडू करायचे होते, आणि तूप दिवाळीच्याही आधीचं. "चाचा, बघा बरं एवढं," म्हणत तिनं झाकण काढून डबा त्यांच्यापुढं धरला.

गावात या माणसाचं नाव त्याच्या नाकावर उभं होतं. नुसतं 'चांगलं हाय' म्हटलं असतं तरी बाई समाधानानं घरी गेली असती. चाचांनी डबा घेतला, सवयीनं नाकाजवळ नेलासुद्धा. मग खाली केला.

"ताई, माजं नाक बाद झालंय," ते म्हणाले. "बाद माल मी गिऱ्हाइकाला देत न्हाई. हिच्याकडं दे. ही शिकल्याली हाय."

बाईला वाटलं, गंमत करतायत. ती हसली. चाचा हसले नाहीत, तशी तीही थांबली. मी तुपाचा वास घेतला. जरासा, अगदी जरासा खवट होता. लाडवांना नको, दिव्याला चालेल, असं मी सांगितलं. बाईचा माझ्या पदवीवर विश्वास बसेना. ती चाचांकडंच बघत राहिली.

"ती न्हाई म्हनती ना? मग न्हाई," चाचा म्हणाले आणि फळीवरची नवीन तुपाची बाटली काढून, तारीख वाचून, तिच्यापुढं ठेवली.

आता बाया तेल-तुपाचे डबे घेऊन रविवारी येतात, कारण रविवारी मला सुट्टी असते. मी दुकानाच्या पायरीवर बसून वास घेते. चुकत नाही फारशी, पण चाचांसारखं 'वरचं दोन बोट काढून टाक' असं मला अजून सांगता येत नाही. चाचांना वासावर पारखता येत नाही, म्हणून बाद डब्यातला माल आता चाचींच्या शेळ्यांना जातो. चाची इतक्या वर्षांनी ताजी बिस्किटं खातायत आणि म्हणतात, ह्या ताज्यांना काही चव नाही.

परवा मी गेले तेव्हा चहा आला होता. चाचांनी फळीवरून एक पुडा घेतला. विकायला नाही, स्वतःला खायला. फोडायच्या आधी तो उलटा केला, चष्मा पुसला, उजेडाला धरला आणि बराच वेळ शोधत राहिले.

"किती बारीक लिवता गं तुमी," ते कुरकुरले. "मानसानं वाचायची कशी?"

तेच बारीक अक्षर चाचांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांसाठी बिनतक्रार वाचलं होतं. मी पुडा त्यांच्या हातातून घेतला आणि तारीख वाचून दाखवली. अजून चार महिने होते.

"लय हायेत," असं म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.