हिरव्या टिकेचा गुन्हा

टेबलामागच्या माणसानं तुमच्या दाखल्यावर बोट ठेवून ‘ही सही चालणार नाही’ म्हटलं, तर ‘तुम्ही ती तपासली का?’ असं विचारायची हिंमत तुमच्यात आहे? माझ्या मामेबहिणीत नव्हती.

ती होटगी गावची. नर्सिंगच्या प्रवेशयादीत नाव लागलं होतं आणि कागदपत्रं दाखवायचा शेवटचा दिवस होता. मी सोबत गेले होते. जातीचा दाखला तिनं रीतसर ऑनलाइन काढलेला. खाली अधिकाऱ्याची डिजिटल सही आणि त्या सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. कागद छापला की तेही छापून येतं.

क्लार्कनं कागद पंख्याखाली उंच धरला, नोट बघावी तसा.

“सही करणाऱ्यालाच शंका आहे की गं! हिरवी टिक असलेला आण. जा पळ.”

मागची रांग हसली. ती सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात पळाली. मी तिची जागा धरून उभी राहिले.

परत आली तेव्हा घामानं भिजली होती, पण खूश होती. “आक्का, लई सोपं हाय. दुकानवाला म्हणला, आमचं रोजचंच काम हाय की. दिली घालून टिक.”

क्लार्कनं टिक बघितली, मान डोलावली, दुकानातून आणलेली फाईल संगणकावर चढवली आणि आम्हाला वर तपासणीच्या मॅडमकडं धाडलं. जो कागद खरा होता तो त्यानं परत पाठवला होता. रंगवलेला पास केला.

मॅडमनी संगणकावर फाईल उघडून सहीवर टिचकी मारली. काहीच उघडलं नाही. पुन्हा मारली.

“हे चित्र आहे. चिकटवलंय. मूळ फाईल कुठंय?”

मामेबहिणीनं मोबाईल काढून ती फाईल पाठवली. इथंही तेच पिवळं प्रश्नचिन्ह होतं. मॅडमनी त्यावर टिचकी मारली. सही कुणाची ते आलं, सहीनंतर कागदात बदल झालेला नाही हेही आलं. आणखी एकदोन टिचक्या, आणि प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी टिक. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘या संगणकानं अजून खात्री केलेली नाही’, एवढंच. ती खात्री फाईल उघडूनच करायची असते. कागद कितीही उजेडात धरला तरी होत नाही. हे मला तिथं, मॅडमच्या खुर्चीमागं उभी असताना कळलं.

“खरा आहे दाखला,” मॅडम म्हणाल्या. मामेबहीण रडत रडत हसली.

“पण बनावट कागदही तूच दिलास ना? हो की नाही?” मॅडमनी विचारलं.

“व्हय... पण खालच्या सायबांनीच टिक आणायला...”

क्लार्कला वर बोलावलं. “मी टिक आण म्हणालो, चिकटव म्हणालो नव्हतो,” तो म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

अर्जावर लाल शाईत ‘बनावट कागदपत्र सादर केले’ असा शेरा पडला आणि प्रवेश गेला. बाहेर बसलेल्या पुढच्या मुलीला त्याच खोलीत बोलावलं. तिच्या आईनं आम्हाला वाट देताना पदर सावरून घेतला, आमचा धक्का लागू नये म्हणून.

घरी मामा एवढंच म्हणाला, “खरं असताना खोटं करायची बुद्धी कुटनं आली तुला?” आता ती भवानी पेठेतल्या कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालते. क्लार्क त्याच टेबलावर आहे. दुकानही चालू आहे.

म्हणून सांगते. दाखल्याची मूळ फाईल कुणालाही दुरुस्तीला देऊ नका. टेबलासमोर उभे राहा आणि म्हणा, “साहेब, फाईल इथंच उघडा, माझ्यासमोर सहीवर टिचकी मारा.” नाही म्हणाला तर नकार लेखी मागा. आणि रांगेतल्या दुसऱ्या कुणाला परत पाठवताना दिसलं, तर हसू नका. पुढं व्हा आणि तिच्यासाठी हेच मागा.