चिठ्ठी पाहून घातलेलं गाऱ्हाणं

रमाकांत गेल्याचं मला गावच्या ग्रुपवर कळलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही बातमी मुद्दाम माझ्यापर्यंत कोण पोचवतंय? लिहायला लाज वाटते. शाळेपासूनचा मित्र हार्ट अटॅकनं जातो आणि मी मेसेज कोणी टाकला ते बघत बसतो... पण गेली तीन वर्षं आमच्यात हेच चाललं होतं. तो माझ्यावर संशय घ्यायचा, मी त्याच्यावर, आणि समोरासमोर आलो की दोघंही वाऱ्यापाण्याच्या गप्पा मारून सुटका करून घ्यायचो.

तोंडवलीत त्याचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. बाहेरून आलेल्या ट्रॉलरवाल्यांशी किनाऱ्यावर मारामारी झाली, एक ट्रॉलर जळाला आणि आरोपींत यालाही घेतलं. जामीन मिळेपर्यंत अकरा महिने तो आत होता. कुठल्या जेलात ते लिहीत नाही. माझ्यावर आधीच पुष्कळांचा डोळा आहे. वीस माणसांच्या बराकीत साठ माणसं, झोपायचं ते कुशीवर, प्यायला बोअरचं तांबूस पाणी. एवढं त्यानं सोसलं असतं. पण शेजारच्या एका म्हाताऱ्या कच्च्या कैद्याचा पाय मधुमेहानं सडत चालला होता, आणि सोबत द्यायला पोलीस नाहीत म्हणून त्याला दवाखान्यात नेत नव्हते. जखमेला वास सुटला तेव्हा रमाकांतनं हायकोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टानं तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि एक वकीलबाई नेमून दिल्या. इंजिनं उघडणाऱ्या माणसाला एवढं कुठून सुचलं, कोणीतरी लिहून दिलं असणार, असं गावात लोक म्हणाले. मीही म्हणालो.

आता माझा भाग. मी निवृत्त शिक्षक. जेलला भेट देणाऱ्या बाहेरच्या सदस्यांत माझं नाव होतं, आणि देवळात गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे देवाकडे मोठ्यानं मागणं मागायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. त्या वर्षी जेलात दत्तजयंती केली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि "गाऱ्हाण्यात एवढं घ्या," म्हणून हातात चिठ्ठी दिली. मी ती घेतली. साहेबाला नाही म्हणायची सवय मला नोकरीत कधी लागली नाही. कैदी रांगेनं उभे होते, रमाकांतही. नारळ ठेवून मी सुरू केलं, "बा देवा दत्ता म्हाराजा, हयसर जेवणपाणी, दवापाणी सगळा बरा मिळता, ता असाच मिळत रवांदे रे म्हाराजा..." आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." म्हणणारच. आमच्याकडे गाऱ्हाण्यात काय मागितलंय ते ऐकून कोणी व्हय म्हणत नाही. घालणारा थांबला की तोंड आपोआप उघडतं. कोणीतरी ते मोबाईलवर टिपलं. जेलनं ते कोर्टातल्या उत्तराला जोडलं, की पाहा, कैदी स्वतःच देवासमोर सगळं ठीक असल्याचं सांगताहेत. त्यात रमाकांतचा आवाज आहे, आणि त्या म्हाताऱ्याचाही.

सुटल्यावर तो मला मालवणच्या स्टँडवर भेटला.

"मास्तर, गाऱ्हाणा कागद बघून घालतत खंय? तू तीनदा हाताकडे बघलंस. माका दिसला."

"म्हातारो झालंय रे, इसारतंय," मी म्हटलं.

"घराण्याचा गाऱ्हाणा इसारतंस?" तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "'व्हय' माझ्या पण तोंडातसून गेला. पण कागद कोणी दिल्यान, ता फकत तूच सांगूक शकतंस."

एसटी लागली असं सांगून मी सटकलो. वाटेत मला वाटू लागलं, की याला वकीलबाईंनी पाठवलं असणार आणि खिशात मोबाईल चालू असणार. त्या दिवसापासून मी त्याला टाळलं. पुढे म्हाताऱ्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. याचिका मात्र माझ्या गाऱ्हाण्यापाशी अडून राहिली. त्या चिठ्ठीबद्दल मी एक शब्द बोललो असतो तर ती पुढे सरकली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

तेरावं झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी बसायला चटई दिली ती दुमडलेलीच. मी उलगडायला लागलो तर म्हणाल्या, "रवांदे. ते अर्ध्याच चटयेर निजत. आतली सवय, शेवटपर्यंत गेली नाय." मग त्यांनी फाईल आणली. त्यात माझ्या नावानं टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. चिठ्ठीची सगळी हकिगत होती आणि सहीची जागा कोरी. कागद दोन वर्षांपूर्वीचा.

"कितीदा सांगलंय तेंका, मास्तरांकडे नेऊन द्या. तर म्हणत, मागान घेतलेली सही नको. तो आपणहून येतलो."

मला रडू आलं. आणि रडता रडताही मनात आलं, की हा कागद नेमका आजच का काढला असेल... इतका मी बिघडलो आहे.

वकीलबाई म्हणतात, याचिका सगळ्याच कैद्यांसाठी आहे, रमाकांत नसला तरी चालू ठेवता येईल. नोटरीकडे जाऊन सही करून येतो म्हणत मी कागद पिशवीत घालू लागलो, तर वहिनींनी हात पुढे केला.

"कागद माझ्याकडे रवांदे. मी येतंय वांगडा."

दुसऱ्या दिवशी एसटीत त्या फाईल मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मी सही करताना त्या पेनाकडे बघत होत्या. परत येताना मी म्हटलं, "वहिनी, रमाकांत म्हणायचो ता शेवटी खरा झाला."

"नाय," त्या म्हणाल्या. "तुमी आपणहून येवक नाय. मी फाईल काढलंय."

घरी पोचल्यावर त्या चहा टाकायला आत गेल्या. बाहेरच्या खोलीत चटई कालच्यासारखीच अर्धी दुमडून अंथरलेली होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो.