सोमवारी रुसणारी गाडी

"मिस्त्री, आज पण न्हाय झाली चालू!"

फोनवर अक्कांचा आवाज रडवेला झाला होता. मागून अण्णांचं "हूं, हूं" ऐकू येत होतं. म्हणजे ते गाडीतच बसून होते.

अण्णा म्हणजे अक्कांचे मालक. त्यांना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यातच जमा. दर सोमवारी सकाळी त्यांना सात रस्ता चौकात व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरकडं न्यायचं असायचं. रिक्षात ते बसत नव्हते. चारचौघांनी उचलून ठेवलेलं त्यांना खपत नव्हतं. स्वतःच्या जुन्या गाडीत मात्र दार धरून आपले आपण बसायचे. त्यासाठी अक्का या वयात गाडी शिकल्या. गाडी चालू झाली नाही, की अण्णा खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. मग दोन दिवस जेवण नाही.

"पोराला गिऱ्हाईक सापडलंय पुण्यात. पुढच्या मंगळवारी येणार हाय बघायला," अक्का म्हणाल्या. "त्यो म्हणतोय, डबडं काढून टाक."

"डबडं त्याच्या घरी. सोमवारी मी येतो. तोवर कुणाला हो म्हणू नका."

बोललो खरं, पण मलाच उमगत नव्हतं. पेट्रोल गाडीचं इंजिन ठिणगीवर चालतं. बॅटरीच्या करंटात तेवढा दम नसतो. म्हणून मध्ये कॉइल बसवलेली असते. काळा डबा, वर बाटलीसारखं तोंड. ती बारक्या करंटाचा लई मोठा करंट करते. तो जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरला जातो, आणि डिस्ट्रिब्युटर एकेका प्लगला वाटत सुटतो. प्लगात त्याची ठिणगी पडते. ह्यालाच इग्निशन म्हणायचं. हा मोठा करंट पाटाच्या पाण्यासारखा असतो. बांधाला उंदराचं बीळ सापडलं, की सरळ जायचं सोडून तिकडनं पळणार.

बीळ कुठं, तेच सापडेना. प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून बसवले, वायरी नव्या घातल्या. तरी सोमवारी सकाळी गाडी बंद. दुपारी गॅरेजात ओढून आणावी, तर पहिल्या सेल्फला चालू. मंगळवारी अक्का तीच गाडी घेऊन भाजीला जायच्या. पोरगा मला फोनवर म्हणाला, "मामा, जमत नसंल तर सांगा की." मी चौथी नापास माणूस. शाळेत हरलो असंन, गाडीपुढं न्हाय. फोन ठेवून दिला.

सोमवारी सकाळीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. अण्णा आंघोळ करून गाडीत बसलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अजून ओले. अक्का मागून आल्या. तळहातावर पाण्यात कालवलेलं भस्म शिल्लक होतं.

"बॉनेट उघडा की, मिस्त्री."

मी उघडलं. अक्कांनी तीन बोटं बुडवली आणि कॉइलच्या डोक्यावर ओढली. हात जोडले.

"अण्णाबी असंच लावायचे?"

"न्हाय. ते नुसती उदबत्ती ओवाळायचे. हे पडल्यापासनं मी लावते. सोमवारी ह्यांना लावलं, की गाडीला. दोघंबी चालू राहू देत म्हणून."

अक्का आत बसल्या. सेल्फ मारला. नुसतं कर्रर्र. मी कॉइलवर वाकलो. चट् चट् आवाज येत होता. निळी ठिणगी ओल्या भस्मावरनं खाली पळत होती.

ते भस्म मी दर वेळी बघितलं होतं की. सोलापुरात बॉनेट उघडलं, की कुंकू, भस्म काहीतरी असतंच. आणि दुसऱ्याचा देव पुसायचा नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम. त्याच्या कडेकडेनं पाना फिरवायचा. दुपारपर्यंत ते वाळायचं आणि गाडी मला साळसूद भेटायची.

वायर ढिली होती असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण पुढच्या सोमवारी काय?

"अक्का, तुमाला कपाळ वाटलं ते गाडीचं नरडं हाय. ओल्या भस्मावरनं करंट पळून जातोय."

त्यांचा हात स्टिअरिंगवरनं खाली पडला. "म्हंजे मीच अडवलं व्हय ह्यांना? ह्यांना भिंतीकडं तोंड करून मीच निजवलं?"

तेवढ्यात शेजारून अण्णांचा घोगरा आवाज आला. मला वाटलं, चिडले. बघतो तर वाकड्या तोंडानं हसत होते, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. त्यांनी डाव्या हातानं अक्कांचा तळहात ओढला, उरलेलं भस्म बोटांना लावलं आणि अक्कांच्या कपाळावर तीन वेडेवाकडे पट्टे ओढले. एक तर पार भुवईवर गेला.

"अगं बाई, लोकं बघत्यात की!" अक्का म्हणाल्या, पण पुसलं नाही.

मी कॉइलला नमस्कार केला आणि कोरड्या फडक्यानं पुसून घेतली. गाडी चालू झाली. "इथनं पुढं एअर फिल्टरच्या डब्यावर लावा," मी म्हणालो. "तितं करंट न्हाय."

पुण्याचं गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेलं.

जुनी पेट्रोल गाडी असेल, तर कॉइल, तिच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचं टोपण कोरडं ठेवा. आणि मिस्त्री लोकांनो, गाडी सकाळी आजारी असेल तर सकाळीच बघा. मी नियम बदललाय. आधी गाडीच्या मालकाला विचारतो, मग हात जोडतो, मग पुसतो.